पिंजऱ्यातील उंदराचे घड्याळ

उंदीर केव्हा जागा होतो आणि केव्हा झोपतो, यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे, अशी शंका विषय जाहीर झाल्याबरोबर काही श्रोत्यांना आली असेल. शंका रास्त आहे. उंदीर रात्री हिंडतो हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. ज्याच्या घरी धान्याची कोठी आहे तो कुणीही सांगेल. पण रात्र झाली हे त्याला कळते कसे, असे विचारले तर आपण चटकन म्हणतो, अंधार पडला म्हणून. हे उत्तर इतके सोपे वाटते की ते चुकीचे असेल अशी शंकाही येत नाही. आजचे व्याख्यान या एका चुकीच्या उत्तराभोवतीच फिरणार आहे. जाता जाता हेही सांगतो की, या चुकीशी कोळसा खाणींच्या आणि वीजकेंद्राच्या आपल्या गावाचा संबंध फार जवळचा आहे.

प्रारंभ आपल्या जंगलापासूनच करू. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अरण्यात, भामरागड-सिरोंचाच्या बाजूला, खारीच्या कुळातील दोन मोठे प्राणी राहतात. एक शेकरू, आपल्या राज्याचा मानाचा प्राणी. दुसरी उडणारी खार. ती खरे तर उडत नाही. पुढच्या-मागच्या पायांमधील कातडी ताणून ती या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाते. शेपटीसकट सुमारे दोन हात लांबीचा हा प्राणी आहे. दोघांचे अरण्य एक, दोघे झाडांवरच राहणारे, आणि तरी त्यांची गाठ क्वचितच पडत असेल. शेकरू दिवसा फिरते आणि संध्याकाळी फांद्यांच्या बेचक्यात बांधलेल्या पानाकाड्यांच्या घरट्यात जाऊन झोपते. सूर्य मावळून थोडा वेळ गेला की उडणारी खार ढोलीच्या तोंडाशी येते. खाणीत पाळी बदलते तसाच हा प्रकार, फक्त भोंगा वाजत नाही.

आता ढोलीचा विचार करा. जुन्या झाडाच्या पोकळ बुंध्यात आत दुपारीही काळोखच असतो. अंधारामुळे खार जागी होत असती, तर ती दिवसभर जागी राहिली असती. बाहेर संध्याकाळ होत आली आहे, हे आत काळोखात झोपलेल्या जिवाला सांगतो कोण?

या प्रश्नाची पहिली चाहूल प्राण्यांवरून नव्हे, लाजाळूच्या झाडावरून लागली. १७२९ मध्ये द मेरां या फ्रेंच ज्योतिर्विदाने लाजाळू काळोखात कोंडून ठेविले, तरी त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली, असे नोंदविले गेले. पुढे जवळजवळ दोनशे वर्षे हा एक गमतीचा चुटका म्हणूनच राहिला. प्राण्यांचे असे निरीक्षण करायचे तर रात्रंदिवस, महिनोन् महिने कुणीतरी पिंजऱ्यासमोर बसायला हवे, आणि ते माणसाच्या हातून होण्यासारखे नाही. कारण पाहणाऱ्यालाच झोप येते.

ही अडचण एका साध्या युक्तीने सुटली. पिंजऱ्यात एक हलके फिरते चाक बसवायचे. उंदीर, खार, हॅम्स्टर यांना अशा चाकावर धावण्याचे विलक्षण वेड असते. खायला भरपूर आहे, पळून जायला वाट नाही, तरी ते रोज रात्री मैलच्या मैल धावतात. का धावतात याचा वाद अजून मिटलेला नाही; आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. चाकाची एक फेरी झाली की विजेची कळ दाबली जाते आणि हळूहळू सरकणाऱ्या कागदावर लेखणी एक रेघ ओढते. एका दिवसाची पट्टी कापायची, तिच्याखाली दुसऱ्या दिवसाची चिकटवायची, तिच्याखाली तिसऱ्या दिवसाची. दुकानाची रोजकीर्द असते तशी ही उंदराची रोजकीर्द. अमेरिकेत कर्ट रिख्टर यांनी १९२०नंतरच्या दशकात पांढऱ्या उंदरांवर अशी कामे सुरू केली. आज कागदाऐवजी संगणक असतो, पण चाक तेच आहे.

या रोजकीर्दीचे सर्वांत सुंदर पान योगायोगाने एका उडणाऱ्या खारीचेच आहे. ती आपल्याकडील नव्हे. उत्तर अमेरिकेत आढळणारी तिची चिमुकली नातेवाईक, मुठीत मावेल एवढी. पॅट्रिशिया डीकोर्सी या संशोधक बाईंनी या खारी पिंजऱ्यात ठेविल्या आणि खोलीत बारा तास दिवा व बारा तास काळोख असा नेम केला. खारी दिवा मालवल्यानंतर ठराविक वेळाने चाकावर येत. आजच्या आणि उद्याच्या वेळेत काही मिनिटांचाच फरक. एथवर नवल नाही. मग त्यांनी दिवा कायमचा बंद केला. खोलीत सतत काळोख, उष्णता एकसारखी, बाहेरचा आवाज नाही.

खारी धावायच्या थांबल्या नाहीत, आणि सदासर्वदा धावतही सुटल्या नाहीत. त्या पूर्वीसारख्याच रोज एकदा उठत, काही तास धावत आणि झोपत. परंतु रोजकीर्दीच्या पट्ट्या एकाखाली एक लावल्यावर एक गोष्ट दिसली. एखादी खार आज सात वाजता उठली, तर उद्या पावणेसातला, परवा साडेसहाला. दोन-तीन आठवड्यांत ती भर दुपारी, पण आपल्या काळोख्या खोलीत, धावू लागली. दुसरी एखादी रोज थोडी थोडी उशिरा उठे. प्रत्येकीचा दिवस वेगळा. कुणाचा तेवीस तासांच्या आसपास, कुणाचा चोवीसहून किंचित जास्त. पण आपापल्या दिवसाशी प्रत्येक खार कमालीची प्रामाणिक.

श्रोतेहो, या तिरप्या रेघेत सगळा युक्तिवाद भरलेला आहे. समजा, पृथ्वीच्या फिरण्याची एखादी सूक्ष्म खूण, जी आपल्याला जाणवत नाही ती, खारीला जाणवत असती. तर सर्व खारींचा दिवस बरोबर चोवीस तासांचा निघाला असता. एकाच खोलीत शेजारीशेजारी ठेविलेल्या खारींचे दिवस निरनिराळे निघतात, याचा अर्थ घड्याळ खोलीत नाही, आकाशातही नाही. ते खारीच्या अंगात आहे. आणि सर्व हाती केलेल्या घड्याळांप्रमाणे ते थोडे पुढे किंवा मागे पडते. म्हणूनच फ्रान्झ हाल्बर्ग यांनी १९५९ मध्ये या लयीला लॅटिन भाषेतून जे नाव दिले त्याचा शब्दशः अर्थ ‘सुमारे एक दिवस’ असा आहे. त्यातील ‘सुमारे’ हा शब्द फार मोलाचा.

मागे-पुढे पडणारे घड्याळ रोज लावून घ्यावे लागते. पूर्वी गावात कुणाचे घड्याळ मागे पडले तर तो गिरणीच्या भोंग्यावर ते लावून घेई. भोंगा घड्याळ चालवीत नाही. तो फक्त काटा जागेवर आणतो. उजेड आणि अंधार यांचे काम तेवढेच आहे. पण डीकोर्सी बाईंनी आणखी एक पायरी गाठली, आणि माझ्या मते या शास्त्रातील ती सर्वांत चतुर पायरी होय. सतत काळोखात असलेल्या खारीला त्यांनी फक्त दहा मिनिटे उजेड दाखविला. कधी तिच्या अंगातल्या रात्रीच्या सुरुवातीला, कधी शेवटी, कधी तिच्या अंगातल्या दुपारी. १९६० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले ते असे: अंगातली रात्र नुकतीच सुरू झाली असता उजेड पडला, तर खार दुसऱ्या दिवशी उशिरा उठते, घड्याळ मागे सरकते. रात्र सरत आली असता तोच उजेड पडला, तर ती लवकर उठते. घड्याळ पुढे सरकते. आणि अंगातल्या दिवसा उजेड पडला, तर काहीच होत नाही. दिवा तोच, मिनिटे तीच, परिणाम मात्र उलट. उजेड किती, यापेक्षा तो केव्हा, याला महत्त्व. हा नियम ध्यानात ठेवावा. पुढे खाणीच्या गोष्टीत तो लागणार आहे.

याच खारीचे वागणे नंतर त्यांनी कृत्रिम ढोलीत पाहिले. खार ढोलीत जागी होते, तोंडाशी येऊन बाहेर डोकावते. उजेड असला तर परत जाऊन पडते. अंधार पडला असला तर बाहेर निघते. चोवीस तासांत ती उजेड पाहते तो या डोकावण्यापुरता, काही मिनिटे. तेवढ्यात तिचे घड्याळ लागते.

हे घड्याळ शरीरात नेमके कोठे आहे, याचा छडा १९७२ मध्ये अमेरिकेतच दोन निरनिराळ्या गटांनी पांढऱ्या उंदरांवरून लाविला. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू जेथे एकमेकांना ओलांडतात त्याच्या अगदी वर, पेशींचे दोन बारीक पुंजके आहेत. उंदरात दोहोंत मिळून वीस हजारांच्या आसपास पेशी. हे पुंजके नष्ट केले की उंदीर जिवंत राहतो, खातो, पितो, धावतो. पण केव्हाही खातो आणि केव्हाही धावतो. रोजकीर्द विसकटते. तरीही कुणी म्हणेल, यावरून तेथे घड्याळच आहे हे कसे ठरते? तार तोडली तरी दिवा विझतो. म्हणून तार म्हणजे वीज नव्हे. आक्षेप योग्य होता आणि त्याचे उत्तर १९९० मध्ये मिळाले. राल्फ, मेनाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांजवळ हॅम्स्टरचा एक असा वाण होता, की त्याचा दिवस उपजतच वीस तासांचा असे. त्यांनी चोवीस तासांच्या हॅम्स्टरचे पुंजके काढून टाकले आणि त्या जागी वीस तासांच्या वाणातील गर्भाचे पुंजके बसविले. हॅम्स्टर पुन्हा नेमाने धावू लागला, पण दर वीस तासांनी! उलट प्रयोगाचे फळ उलट मिळाले. दुसऱ्याचे घड्याळ आपल्या भिंतीवर टांगावे आणि त्याच्या वेळेप्रमाणे घर चालावे, तसा हा प्रकार.

पेशीच्या आत हे घड्याळ कशाने चालते, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. थोडक्यात एवढेच, की काही जनुके विशिष्ट प्रथिने बनवितात, ती प्रथिने साठत जाऊन त्याच जनुकांना थांबवितात, मग प्रथिने झिजतात आणि जनुके पुन्हा कामाला लागतात. या फेऱ्याला सुमारे एक दिवस लागतो. केळ्यावर घोंघावणाऱ्या इवल्या माशीवरून ही गोष्ट उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या नागपूरच्या विज्ञान संस्थेतही दिलीप जोशी यांनी याच माशीच्या जातभाईंवर काम केले आहे. कोशातून माशी दिवसाच्या कोणत्या वेळी बाहेर पडते हे तिच्या मूळ प्रदेशाप्रमाणे कसे बदलते, असा तो विषय.

भारतात उंदरांवर या विषयाचे जे काम झाले त्यात मदुराईचे नाव प्रथम घ्यावे लागते. जर्मनीत ट्युबिंगेन येथे एर्विन ब्युनिंग यांच्याकडे काम करून आलेले एम. के. चंद्रशेखरन यांनी मदुराई कामराज विद्यापीठात या शास्त्राचे एक घराणेच उभे केले. त्यांनी परदेशी पांढरे उंदीर न घेता शेताच्या बांधात बीळ करून राहणारा इवलासा देशी उंदीर घेतला. १९८५ मध्ये विश्वनाथन आणि चंद्रशेखरन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो मला खारीच्या प्रयोगाइतकाच आवडतो. पिल्ले अशा ठिकाणी ठेविली, की दिवस-रात्रीचा भेद तेथे मुळीच नाही. फक्त आईला बारा तास पिल्लांजवळ ठेवायचे आणि बारा तास दूर न्यायचे. पिल्लांचे घड्याळ आईवर लागले. आई असेल ती पिल्लांची विश्रांतीची वेळ, म्हणजे दिवस. आई निघून जाते ती रात्र. विचार केला तर यात किती अर्थ आहे! रानात हीच आई अंधार पडला की चरायला बाहेर पडते आणि उजाडताना बिळात परतते. बिळात सूर्य पोचत नाही, पण तेथे आईचे जाणे-येणे पोचते.

एवढा खटाटोप निसर्गाने कशासाठी केला असावा? पिंजऱ्यात याचे उत्तर मिळत नाही, कारण पिंजऱ्यात घड्याळ बिघडलेला उंदीरही सुखाने जगतो. हे उत्तर शोधायला त्याच डीकोर्सी बाई जंगलात गेल्या. चिपमंक नावाची, अंगावर पट्टे असलेली, जमिनीत बीळ करणारी, दिवसा फिरणारी खार असते. त्यांनी काही चिपमंकांचे मेंदूतले घड्याळ शस्त्रक्रियेने काढले आणि त्यांना धडधाकट चिपमंकांसह व्हर्जिनियातील डोंगरात सोडून दिले. २००० साली याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. घड्याळ नसलेल्या खारी मुंगसासारख्या एका लहान शिकारी प्राण्याच्या तोंडी अधिक संख्येने पडल्या. त्या रात्री बिळात स्वस्थ झोपत नसत, चुळबुळ करीत. शिकाऱ्याला त्या चाहुलीनेच बीळ सापडत असावे, असा तर्क आहे.

याच संदर्भात एक इशाराही दिला पाहिजे. सोनेरी हॅम्स्टर प्रयोगशाळेत इतका पक्का निशाचर, की त्याच्यावरून पाठ्यपुस्तके लिहिली गेली. पुढे काहीजणांनी तुर्कस्तानच्या शेतांत जाऊन रानटी हॅम्स्टर पाहिले, तर ते भर दिवसा बिळाबाहेर हिंडत होते. पिंजऱ्यातला प्राणी खोटे बोलत नाही. पण तो पिंजऱ्यापुरतेच बोलतो. उंदरावरून माणसाविषयी बोलताना तर हे दुप्पट लक्षात ठेवावे.

तेवढे भान ठेवून आता माणसाकडे वळू. शरीरातील घड्याळ केवळ झोपेची वेळ ठरवीत नाही. हाल्बर्ग यांनी उंदरांना जंतूंच्या विषाची सारखीच मात्रा दिवसाच्या निरनिराळ्या वेळी टोचली. एका वेळी टोचलेले बहुतेक मेले, दुसऱ्या वेळी टोचलेले बहुतेक वाचले. शरीराचे ताप, रक्तदाब, पचन, विषाशी झुंजण्याची शक्ती, सगळे या घड्याळाच्या तालावर चढते-उतरते. मग ज्या माणसाला दर काही दिवसांनी रात्रीचा दिवस करायला लावतात त्याचे काय होते?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. कोळशाच्या खाणी, वीजकेंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, रुग्णालये, रेल्वे: हजारो घरांत पाळीपत्रकाप्रमाणे चूल पेटते. भूमिगत खाणीत काम करणाऱ्याची स्थिती तर ढोलीतल्या खारीसारखीच असते. त्याला उजेड दिसतो तो कामाच्या दोन टोकांना. रात्रपाळी करून तो सकाळी वर येतो आणि चैत्र-वैशाखाच्या लख्ख उन्हातून घरी जातो. त्याच्या अंगात त्या वेळी रात्र सरत आलेली असते. डीकोर्सी बाईंचा नियम आठवा: अशा वेळी पडलेला उजेड घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे अंगातली पहाट आणखी लवकर आणतो. रात्री जागायचे तर नेमके उलट व्हायला हवे. घड्याळ मागे सरकायला हवे. हा माणूस आठवडाभर रात्रपाळी करतो, पण रोज घरी जाताना सूर्य त्याचे घड्याळ दिवसपाळीवरच लावून देतो. दुपारी पत्र्याच्या खोलीत, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, त्याला झोप लागत नाही, यात उकाड्याचा दोष आहेच. पण हिवाळ्यातही ती नीट लागत नाही, ती या कारणाने.

दुसरी गोष्ट पाळी फिरण्याच्या दिशेची. २००६ मध्ये म्हाताऱ्या उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दर आठवड्याला त्यांच्या दिव्याची वेळ सहा तासांनी बदलली जाई, असे आठ आठवडे. ज्यांची वेळ बदललीच नाही त्यांपैकी १०० पैकी ८३ जगले. ज्यांचा दिवस दर वेळी उशिरा सुरू केला त्यांतले ६८. आणि ज्यांचा दिवस दर वेळी लवकर सुरू केला त्यांतले अवघे ४७. अन्न तेच, पिंजरा तोच. फक्त दिव्याची कळ. खाणकामगार म्हणजे म्हातारा उंदीर नव्हे, हे मी आधीच सांगितले आहे. परंतु माणसाच्या बाबतीतही लवकर उठविणे हे उशिरा उठविण्यापेक्षा जड जाते, आणि त्याचे कारणही माहीत आहे: माणसाच्या अंगातला दिवस चोवीस तासांहून सरासरी दहा-अकरा मिनिटांनी मोठा असल्याचे १९९९ मध्ये बारकाईने मोजले गेले. आपले घड्याळ स्वभावतःच मागे रेंगाळणारे आहे.

म्हणून सकाळ, मग दुपार, मग रात्र अशी फिरणारी पाळी शरीराला त्यातल्या त्यात मानवते. रात्र, मग दुपार, मग सकाळ अशी उलटी फिरणारी पाळी अंगावर येते. हे कागदावरचे शहाणपण नाही. अमेरिकेत यूटा राज्यातील खनिज क्षारांच्या एका कारखान्यात पाळी दर आठवड्याला उलटी फिरत असे. चाइसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुलटी फिरविली आणि एका आठवड्याऐवजी तीन आठवडे एकच पाळी ठेविली. १९८२ मध्ये त्यांनी कळविले, की कामगारांची तक्रार कमी झाली, नोकरी सोडून जाणारे घटले आणि उत्पादनही वाढले. यासाठी नवे यंत्र आणावे लागले नाही, पगार वाढवावा लागला नाही; पाळीपत्रकावरील तीन शब्दांचा क्रम आणि मुदत बदलावी लागली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये शरीराची लय बिघडविणाऱ्या रात्रपाळीचा समावेश कर्करोगाच्या ‘संभाव्य’ कारणांत केला आणि २०१९ मध्ये फेरविचार करून तो कायम ठेविला. घाबरून जावे असा त्याचा अर्थ नाही; वीजकेंद्र रात्री बंद ठेवता येत नाही आणि रुग्णालयही. पण रात्रपाळीहून परतणाऱ्याने सकाळच्या उन्हात गडद चष्मा घालावा, टोपी किंवा उपरणे कपाळावर ओढावे, झोपायची खोली घरात सर्वांत काळोखी असेल ती निवडावी, हे उपाय कुणालाही करण्याजोगे आहेत. पाळी कोणत्या दिशेने फिरते, हे मात्र एकट्या कामगाराच्या हातात नसते. ते पाळीपत्रक लिहिणाऱ्याच्या हातात असते, आणि संघटनेच्या मागण्यांच्या यादीत हा विषय फारसा चढत नाही. ज्यांच्या घरी असे पत्रक भिंतीवर लावलेले असेल त्यांनी आज घरी गेल्यावर ते एकदा पाहावे: सकाळपाळीनंतर त्यात दुपारपाळी लिहिलेली आहे, की रात्रपाळी.